सॅडल बॅग स्वस्तातली चालेल, पण ती हवेत लटकलेली नको

या आठवड्याच्या भागाचं हे लिखित रूप. बोलताना माझं जे पाल्हाळ लागतं ते थोडं कापलंय. मोजमापं आणि खर्च मात्र नीट लिहिलेत, कारण बऱ्याच जणांना तेच हवं असतं.

आजचा विषय, बाइकला सॅडल बॅग लावणे. कमी खर्चात. "कुठली बॅग घेऊ?" हा प्रश्न मला दर महिन्याला कोणीतरी विचारतंच. माझं उत्तर ऐकून लोक जरा नाराज होतात. कारण मी म्हणतो, बॅग नंतर बघू. आधी सांगा, ती टेकणार कशावर?

हे शहाणपण मला कसं आलं ते आधी सांगतो.

ताम्हिणीतला वास

गेल्या वर्षी गणपतीला मी आणि बाबा पुण्याहून दापोलीला निघालो. ताम्हिणी, माणगाव, लोणेरे, मंडणगड असा रस्ता. गाडी आपली तीच जुनी १५० सीसी. आदल्या आठवड्यात मी १,४०० रुपयांची सॅडल बॅग ऑनलाइन मागवली होती. दोन पिशव्या, मध्ये सीटवरून जाणारे दोन वेल्क्रो पट्टे, खाली बांधायला दोन बारीक पट्टे. सीट काढली, पट्टे टाकले, सीट बसवली, दहा मिनिटांत काम झालं. फोटोही काढला. छान दिसत होती, खोटं कशाला बोला.

ताम्हिणी गाव सोडून विळ्याच्या बाजूला उतरताना बाबा मागून म्हणाले, "अरे, काहीतरी जळतंय." मी म्हटलं, "पुढच्या ट्रकचे ब्रेक असतील." आणि तसाच पुढे गेलो. दोन-तीन वळणं झाल्यावर त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "थांब म्हणतो ना!"

थांबलो. उजवी बॅग खड्ड्यांत उडून उडून खाली आली होती आणि सायलेन्सरवर बसली होती. तळाला मुठीएवढं भोक, आतला टॉवेल करपलेला. पण खरी धडकी भरली ती पुढचं बघून. खालच्या पट्ट्याचं मोकळं टोक सुटून मागच्या टायरला घासत होतं. घासून घासून त्याचा पार झुपका झाला होता. ते टोक अजून वीतभर लांब असतं, चाकात गेलं असतं आणि एक्सलला गुंडाळलं असतं, तर उतारावर मागचं चाक जाम. मागे बाबा.

बाबा काही बोलले नाहीत. विळ्यात एका टपरीवरून सुतळी आणली, बॅग उचलून ग्रॅब रेलला आवळली. दापोलीपर्यंत आम्ही चाळीसच्या वर गेलो नाही. आणि परत निघायच्या दिवशी ते शांतपणे म्हणाले, "तू ये गाडीवर. मी एसटीने येतो."

हे वाक्य मला त्या भोकापेक्षा जास्त लागलं.

चूक बॅगेची नव्हती

पुण्यात आल्यावर मी ऑफिसात जे करतो तेच केलं. बग कुठे आहे ते शोधलं. आधी वाटलं, स्वस्त बॅग म्हणून झालं. पण डावी बॅग तर व्यवस्थित होती! तीच कंपनी, तेच कापड, तेच पट्टे. मग डावीला काही झालं नाही ते का?

उत्तर गाडीवरच होतं. साडी गार्ड.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे मागे बसायची सोय असलेल्या मोटारसायकलला धरायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं संरक्षण लागतं, कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून. आपल्याकडे एका बाजूला बसणाऱ्या बायका पाय डावीकडे सोडतात, म्हणून हे गार्ड डावीकडे असतं. माझी डावी बॅग नकळत त्या गार्डला टेकून आरामात बसली होती. उजवीकडे गार्ड नाही, आणि वरून सायलेन्सरही त्याच बाजूला. म्हणजे उजव्या बॅगेला आत टायर आणि खाली भट्टी. मी शहाण्याने टूल किट आणि लॅपटॉपसकट सगळं जड सामान त्याच बॅगेत भरलं होतं.

आता दूधवाल्याची गाडी आठवा. दोन्ही बाजूंना भरलेले कॅन, खड्ड्यांतून रोज पहाटे जातो. तो कॅन सीटवरून दोरीने लोंबकळत सोडतो का? नाही. त्याने लोखंडी फ्रेम बसवून घेतलेली असते आणि वजन त्या फ्रेमवर असतं. आपण मात्र चार हजारांची बॅग घेतो आणि पट्ट्यावर लटकवतो.

तर आजच्या भागाचं सार एवढंच. पट्ट्याचं काम बॅग जागेवर धरायचं. वजन पेलायचं आणि बॅग चाकापासून लांब ठेवायचं काम लोखंडाचं. त्याला सॅडल स्टे म्हणतात. बजेट कमी असेल तर बॅग स्वस्त घ्या, स्टे मात्र टाळू नका.

स्टे करून घेताना

काही गाड्यांना कंपनीचा किंवा बाहेरचा तयार स्टे मिळतो. पुण्यात असाल तर नाना पेठेत चक्कर मारा. माझ्या गाडीला बसणारा मिळाला नाही, म्हणून ओळखीच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतला. दोन्ही बाजूंचे मिळून १,१०० रुपये, रंगासकट. सांगताना या गोष्टी सांगा:

१. गाडीच्या चॅसिवर काहीही वेल्डिंग करायचं नाही. स्टे वेगळा तयार करायचा आणि गाडीवर आधीच असलेल्या बोल्टच्या जागी बसवायचा. माझा वर ग्रॅब रेलच्या बोल्टला आणि खाली मागच्या फूटरेस्टच्या ब्रॅकेटला आहे. जुने बोल्ट आखूड पडतात, तेवढेच जाड पण लांब घ्यावे लागतात. नट नायलॉक घ्या, म्हणजे थरथरीने सैल होत नाहीत.

२. स्टे मागच्या शॉक ॲब्सॉर्बरला किंवा स्विंग आर्मला जोडायचा नाही. ते भाग वर-खाली हलतात, सीटकडची बाजू त्यांच्याबरोबर हलत नाही. दोन्हीकडे बांधलं तर काहीतरी एक तुटणारच.

३. नुसती गोल कडी नको, मध्ये एक आडवी पट्टी हवी. नाहीतर मऊ बॅग कडीतून आत फुगते आणि पुन्हा टायरकडे जाते.

४. उजवीकडे बॅगेचा तळ आणि सायलेन्सर यांच्यात चांगली चार-पाच बोटं जागा हवी, तीही बॅग भरलेली असताना. पॉलिएस्टर वितळायला साधारण २५० अंश सेल्सिअस लागतात, पण आतलं कोटिंग आणि प्लास्टिकची बकलं त्याच्या बरीच आधी मान टाकतात.

आता बॅग

बाजारात रायनॉक्स, व्हियाटेरा, गार्डियन गिअर्स, डर्टसॅक अशी बरीच नावं आहेत आणि बिननावाच्याही भरपूर आहेत. नावापेक्षा मी पुढच्या गोष्टी बघतो.

कापडावर ६००डी, १०००डी असं लिहिलेलं असतं. डी म्हणजे डेनियर, म्हणजे त्या धाग्याचं ९,००० मीटरचं वजन ग्रॅममध्ये. आकडा मोठा तितका धागा जाड. पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. पट्टा बॅगेला जिथे शिवलाय ती जागा उलटी करून बघा. तिथे चौकोनात फुलीची शिलाई असेल तर बरं. एकच सरळ टाका असेल तर ठेवून द्या. बॅग फाटते ती बहुतेक वेळा तिथेच.

दुसरं, आकार. प्रत्येकी २० ते २५ लिटर पुरे. मोठी घेतली की आपण ती भरतोच. शिवाय बॅगेची पुढची कड मागे बसणाऱ्याच्या पोटरीला लागता कामा नये, आणि मागचे इंडिकेटर झाकले जाता कामा नयेत. हे दुकानात गाडीला लावूनच कळतं. ऑनलाइन घेणार असाल तर पुठ्ठ्याचा तेवढाच खोका करून गाडीला लावून बघा. हसू नका, मी केलंय.

तिसरं, पाऊस. बाहेरचं रेन कव्हर वाऱ्याने उडतं आणि कोकणातल्या पावसात त्याच्या तळात पाणी साचतं. आत जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिचं तोंड पिळून बांधा. वीस रुपयांत काम होतं.

मी दुसऱ्यांदा ३,२०० ची जोडी घेतली. स्टे १,१००. जादा पट्टे, बोल्ट, नट वगैरे ३५०. एकूण ४,६५०. पहिल्या बॅगेचे १,४०० पाण्यात गेले ते वेगळे.

वजनाचा हिशोब, जो कोणी करत नाही

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ती जास्तीत जास्त किती वजन वाहू शकते ते दिलेलं असतं. माझ्या गाडीला १३० किलो. मी ६२, बाबा ५५. हेल्मेट, बूट, जॅकेट धरून १२१. उरले ९ किलो. त्यातून स्टेचं वजन अडीच किलो आणि रिकाम्या बॅगा दोन किलो गेल्या. सामानाला राहिले साडेचार किलो!

आणि गणपतीला आम्ही सतरा किलो सामान नेलं होतं. म्हणजे स्टे असता तरी गाडीवर ओझं जास्तच होतं. हे गणित कागदावर बघेपर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ५० लिटरची बॅग आहे म्हणजे ५० लिटर भरायचं, असंच आपण धरतो. एकटे जाणार असाल तर प्रश्न नाही. दोघं असाल तर बॅगेपेक्षा आधी मॅन्युअल उघडा.

भरताना दोन्ही बॅगा काट्यावर टांगून बघा. हाताने उचलून अंदाज घेऊ नका, तो चुकतो. एका किलोपेक्षा जास्त फरक नको. जड वस्तू तळाशी आणि पुढच्या बाजूला, म्हणजे मागच्या एक्सलच्या पुढे. वजन एक्सलच्या मागे गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल डुलायला लागतं.

टायरची हवाही बदला. माझ्या मॅन्युअलमध्ये मागच्या टायरला एकट्यासाठी २८ आणि दोघांसाठी ३२ पीएसआय आहे. मागचे शॉक ॲब्सॉर्बर ॲडजस्ट होत असतील तर एक-दोन टप्पे कडक करा, पाना टूल किटमध्येच असतो.

निघायच्या आधी पाच मिनिटं

बॅगा भरून लावा. मागे कोणालातरी बसवा आणि त्याला वर-खाली जोर द्यायला सांगा. तुम्ही खाली वाकून बघा, सगळ्यात खाली दबल्यावर बॅग टायरला, चेनला किंवा सायलेन्सरला लागते का? मग गाडी मेन स्टँडवर घेऊन मागचं चाक हाताने फिरवा. कुठे घासल्याचा आवाज येतो का?

पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून जुन्या ट्यूबच्या रबराने बांधा. एकही टोक लोंबता कामा नये. माझ्यासाठी तरी यादीतली ही पहिली ओळ आहे.

पहिल्या दहा किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा ओढा. सामान बसतं, पट्टा सैल होतो. हे प्रत्येक वेळी होतं. त्यानंतर प्रत्येक चहाला एकदा हात लावून बघा.

आणि हो, जळका वास आला तर ट्रकला दोष देऊ नका. थांबा.

दिवाळीला

दिवाळीत पुन्हा दापोलीला जायचं होतं. मी बाबांना विचारलं नाही. आदल्या रात्री पार्किंगमध्ये गाडी लावत होतो तेव्हा तेच खाली आले. स्टे धरून हलवून बघितला. बॅगेखाली सायलेन्सरपर्यंत बोटं घालून मोजली. पट्ट्याचं एक टोक रबराखालून जरा बाहेर आलं होतं, ते त्यांनी आत खोचलं. मग म्हणाले, "फराळाचे डबे काकाच्या गाडीतून पाठवू. वजन होईल उगाच."

सकाळी साडेपाचला हेल्मेट घालून ते मागे बसले. विळ्याच्या उतारावर त्यांचा हात एकदा उजव्या बॅगेकडे गेला, ते मला आरशात दिसलं. मी काही बोललो नाही.

तर मंडळी, एवढंच. तुमच्या गाडीला स्टे कुठल्या बोल्टवर बसवला, ते फोटोसकट पाठवा. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या कोणाला तरी उपयोग होईल. पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत सावकाश चालवा, आणि पट्टे तपासा.