घरच्या घरी नोझल : काटकसर की धोका?

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. त्यामुळे विहिरीवरच्या इंजिनाचे इंग्रजी माहितीपुस्तक माझ्यापुढे येते, आणि पाठोपाठ प्रश्नही येतो, "दोन नटांचे तर काम! मिस्त्रीला पैसे कशाला द्यायचे?" प्रश्न चुकीचा नाही. म्हणूनच त्याचे उत्तर नीट दिले पाहिजे.

रुडॉल्फ डिझेल या अभियंत्याने १८९७ साली जर्मनीत ऑग्सबर्ग येथे आपले इंजिन यशस्वीपणे चालवून दाखविले. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. हवा जोराने दाबली की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. हा फवारा सोडणारा भाग म्हणजे इंजेक्टर. आपल्याकडे त्यालाच सरसकट नोझल म्हणतात.

खरा धोका आहे तो दाबाचा. मोटारीच्या चाकात साधारण २ बार दाबाची हवा असते. जुन्या पद्धतीचे नोझल सुमारे २०० बार दाबाला उघडते, म्हणजे चाकाच्या शंभरपट! नव्या कॉमन रेल इंजिनांत हा दाब १६०० बारच्याही पुढे जातो. नोझल बाहेर काढून, इंजिन फिरवून फवारा पाहण्याची किंवा गळती बोटाने चाचपण्याची सवय पुष्कळांना असते. असा फवारा कातडी भेदून आत शिरतो. वरून जखम काटा टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही. पण आत गेलेले डिझेल मांस कुजविते. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही, तर बोट कापावे लागण्याची वेळ येते. म्हणून मलमपट्टीवर न भागवता ताबडतोब मोठे रुग्णालय गाठावे, आणि दाबाखालचे डिझेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

दुसरा धोका इंजिनाला. नोझलमधील सुई आणि तिचे घर यांत केसाच्या जाडीहून कितीतरी कमी फट असते. शेतातल्या धुळीचा एक कण सुई अडकवायला पुरेसा होतो. मग डिझेल फवारण्याऐवजी ठिबकते, काळा धूर येतो, प्रसंगी पिस्टनलाही भोक पडते. बुडाचा तांब्याचा वॉशर जुनाच ठेवला किंवा एकावर एक दोन बसविले, तरी गॅस निसटतो किंवा फवाऱ्याची जागा बदलते. अनेक कॉमन रेल गाड्यांत तर नव्या इंजेक्टरचा सांकेतिक क्रमांक गाडीच्या संगणकात भरावा लागतो. तिथे नुसत्या पान्याचे काम नाही.

मग घरी काय करावे? डिझेल गाळून भरावे, टाकीतले पाणी काढावे, फिल्टर वेळेवर बदलावा. गळती पाहायची तर बोट नव्हे, पुठ्ठा धरावा. नोझल मात्र तपासणीचे यंत्र असलेल्या पंप-नोझलच्या दुकानातच न्यावे. मिस्त्रीची मजुरी वाचविणे ही काटकसर खरी. पण ज्या हातावर घर चालते, तो हात त्यासाठी पणाला लावणे परवडणारे नाही.