नाव बदलले नाही!

रमजानचे पहिले दहा दिवस 'रहमत'चे, म्हणजे ईश्वरी दयेचे मानले जातात. याच शब्दाच्या मुळातून 'रहमान' हे नाव आले. अर्थ, परमदयाळू. आणि 'वहिदा' म्हणजे अद्वितीय. ही दोन नावे एकत्र घेतली की कोणत्याही धर्माच्या रसिकाला एकच चेहरा आठवतो.

वहिदा रहमान यांचा जन्म ३ फेब्रुवारी १९३८ रोजी आजच्या तमिळनाडूतील चेंगलपट्टू येथे झाला. वडील सरकारी अधिकारी. लहानपणीच त्या भरतनाट्यम शिकल्या. पुढे वडिलांचे छत्र हरपले आणि कमाईची गरज निर्माण झाली. 'रोजुलु मारायि' (१९५५) या तेलुगू चित्रपटातील त्यांचे नृत्य गाजले. गुरुदत्त यांनी त्यांना मुंबईला बोलावले.

'सीआयडी' (१९५६) चे दिग्दर्शक राज खोसला यांनी सुचवले, 'नाव लांबलचक आहे, बदला.' युसूफ खान दिलीपकुमार झाले होते, मुमताज मधुबाला, तर महजबीन मीनाकुमारी. त्यांना दोष देण्याचे कारण नाही, तो रिवाजच होता. पण वहिदाजींनी ठाम नकार दिला. नाव आईवडिलांनी ठेवले आहे, तेच राहील. न पटणारे कपडे घालणार नाही, ही अटही त्यांनी करारात घालून घेतली. वय इतके कमी की करारावर सही आईला करावी लागली. हातची संधी जाण्याचा धोका होता. तरी नवख्या मुलीचे म्हणणे मान्य झाले.

पडद्यावर मात्र त्यांनी कितीतरी नावे घेतली. 'प्यासा'तील गुलाबो, 'चौदहवीं का चाँद'मधील जमीला, 'तीसरी कसम'मधील हिराबाई, 'खामोशी'तील परिचारिका राधा. 'गाईड' (१९६५) मधली रोझी नवऱ्याला सोडून नृत्याकडे वळते. अशी नायिका लोकांना रुचणार नाही, असे सांगणारे होते. वहिदाजींनी ती भूमिका केली आणि फिल्मफेअर पुरस्कार मिळवला. दुसरा फिल्मफेअर 'नीलकमल'साठी आणि राष्ट्रीय पुरस्कार 'रेश्मा और शेरा'साठी. राधा असो की जमीला, प्रेक्षकांनी दोघींनाही आपले मानले. त्यासाठी श्रेयनामावलीतले नाव कधी आड आले नाही.

पद्मश्री आणि पद्मभूषणनंतर, २०२३ मध्ये त्यांना दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या फाळक्यांच्या नावाचा हा सन्मान. त्याच्या मानकऱ्यांच्या यादीतही नाव तेच आहे, आईवडिलांनी ठेवलेले: वहिदा रहमान.