साथीच्या काळातील गर्भाशयरोपण : स्त्रियांच्या प्रेरणांचा विचार

गर्भाशयरोपणाने प्राण वाचत नाहीत. मूत्रपिंड किंवा यकृत मागणारा रुग्ण मृत्यू टाळू पाहत असतो; गर्भाशय मागणारी स्त्री बहुधा निरोगी असते आणि शस्त्रक्रियेमुळेच ती काही वर्षांपुरती रुग्ण होते. म्हणूनच तिच्या प्रेरणेचा प्रश्न येथे विशेष तीव्रतेने उद्भवतो. २०२० साली कोविडच्या साथीने त्याला नवी धार आणली.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे मात्स ब्रेनस्ट्रोम यांच्या पथकाने केलेल्या रोपणानंतर सप्टेंबर २०१४ मध्ये पहिले मूल जन्मास आले. या उपचाराचा क्रम दीर्घ आहे. आधी प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून गोठविले जातात. मग रोपण, काही महिन्यांची प्रतीक्षा, भ्रूणाची स्थापना, पोट उघडून प्रसूती, आणि एकदोन अपत्यांनंतर गर्भाशय काढून टाकणे. तोवर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे अखंड घ्यावी लागतात. साथीत हेच मर्मस्थान ठरते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतील प्रजननवैद्यकाच्या व्यावसायिक संस्थेने नवे वंध्यत्वोपचार सुरू करू नयेत असा सल्ला दिला. लशींच्या पहिल्या मोठ्या चाचण्यांतून गर्भवती स्त्रिया वगळल्या होत्या. आणि पुढे अवयव बसविलेल्या रुग्णांत लशीचा परिणाम क्षीण आढळला.

इतके असूनही रोपणाची इच्छा का टिकावी? 'मूल हवे' हे उत्तर अपुरे आहे. ती इच्छा दत्तकविधानाने पुरी होऊ शकते. रक्ताचे मूल हवे असल्यास, जेथे कायदा परवानगी देतो तेथे, सरोगसीचा मार्ग आहे. या दोहोंपलीकडे उरते ती स्वतः गर्भ वाहण्याची आकांक्षा. सुमारे ४,५०० ते ५,००० मुलींमागे एक मुलगी गर्भाशयाविना जन्मते; बीजकोश मात्र कार्यक्षम असतात. ऋतुप्राप्ती होत नाही म्हणून तपासणी होते, आणि ऐन वयात तिला हे कळते. तिच्या लेखी गर्भारपण हे अपत्यप्राप्तीचे केवळ साधन नसते. (रोपिलेल्या गर्भाशयाच्या मज्जातंतू जोडल्या जात नाहीत, त्यामुळे जी अनुभूती ती मागते ती तिला पुरती लाभत नाहीच.)

मात्र प्रत्येक प्रेरणा अंतःकरणातूनच उगवते असे मानणे भाबडेपणाचे होईल. स्वीडनमधील आरोग्यसेवेत सरोगसीला स्थान नाही. भारतात २०२१ च्या कायद्याने व्यापारी सरोगसी बंद झाली. अन्य दारे बंद असता उघड्या दाराकडे वळणे याला निवड म्हणावे काय, हा विचार टाळता येत नाही.

'वय निघून चालले आहे' हे घाईचे कारणही पारखून घ्यावे लागते. भ्रूण एकदा गोठविले की बीजाचे वय वाढत नाही. ज्यांचे भ्रूण अद्याप तयार झालेले नव्हते त्यांचीच २०२० मधील स्थगितीने खरी हानी केली. दात्रीचे वय मात्र थांबत नाही. पुण्यात मे २०१७ मध्ये झालेल्या भारतातील पहिल्या रोपणात आईचे गर्भाशय मुलीला दिले गेले आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये त्यातून मूल जन्मले. अशा प्रसंगी साथीचा धोका दोघींना असतो, आणि कोविड वाढत्या वयात अधिक घातक ठरला. मुलीच्या इच्छेची छाननी करताना आईच्या होकाराची चौकशी स्वतंत्रपणे, मुलीच्या अनुपस्थितीत व्हावयास हवी.