जुन्या डिझेल पिकअप गाडीतील फीड पंपाचे दोष व त्यांची पारख

शीव म्हणजे सीमा. मुंबई बेट व साष्टी यांच्यामधील या जुन्या सीमेवरून आजही घाटमाथ्यावरचा भाजीपाला शहरात शिरतो. शीव कोळीवाडा हे मूळचे कोळी लोकांचे गाव. १९४७ च्या फाळणीनंतर तेथे पंजाबी निर्वासित कुटुंबे वसली, आणि पूर्वीच्या कोळीवाडा स्थानकास पुढे गुरू तेगबहादूर नगर हे नाव मिळाले. दादरच्या बाजारासाठी रात्री निघालेली एखादी जुनी पिकअप गाडी पहाटे या भागात आचके देत बंद पडली, तर मेथी-कोथिंबिरीच्या जुड्यांचा भाव उन्हाबरोबर उतरू लागतो. अशा घाईत मालक पहिला सांगितला जाईल तो खर्च मान्य करून मोकळा होतो.

‘पंप गेला’ एवढेच निदान ऐकून संमती देऊ नये. डिझेल गाडीत सामान्यतः दोन पंप असतात. टाकीतील डिझेल ओढून गाळणीमार्फत पुढे पाठविणारा तो फीड पंप; तेच डिझेल मोठ्या दाबाने नोझलकडे मोजून देणारा तो इंजेक्शन पंप. पहिल्याची दुरुस्ती अल्प खर्चाची असते, तर दुसऱ्याचे काम खर्चाचे व केवळ तज्ज्ञ कारागिराचेच. दोष पहिल्यात असता दुसरा उतरविला जाणे, ही मालकाची मोठी हानी होय. काही गाड्यांत वेगळा फीड पंप नसून ओढण्याची योजना इंजेक्शन पंपाच्या पोटातच असते. म्हणून आपल्या गाडीची रचना आधी पाहून घ्यावी.

विहिरीवरील डिझेल इंजिन हाताळलेल्या शेतकऱ्यास हा विषय अवघड वाटण्याचे कारण नाही. तेथे डिझेलची टाकी बहुधा इंजिनाच्या वर असते व डिझेल आपल्या वजनानेच खाली उतरते. गाडीची टाकी मात्र सांगाड्याखाली, इंजिनापासून दूर असते. त्यामुळे डिझेल ओढून घ्यावे लागते, आणि ओढ आली की हवा शिरण्याचे भय आलेच. फूटव्हॉल्व्ह गळका असला किंवा सक्शन पाइपाचा सांधा सैल असला, तर पाण्याचा पंप पाणी सोडतो. गाडीतही नेमके तेच घडते. ओढीच्या बाजूचा सांधा फाटला तर तेथून डिझेल बाहेर गळेलच असे नाही. उलट इंजिन चालू असता हवा आत जाते. सबब बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या सांध्यावरही विश्वास ठेवू नये. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी सुरू होण्यास वेळ घेत असेल, व एकदा सुरू झाल्यावर बरी चालत असेल, तर रात्रीतून डिझेल टाकीकडे परतत असावे, असा तर्क करण्यास जागा असते.

सेल्फ मारताना सायलेन्सरमधून मुळीच धूर येत नसेल, तर डिझेल नोझलपर्यंत पोहोचत नाही असे समजावे. काळा धूर पुष्कळ येत असून ओढ कमी असेल, तर दोष बहुधा अन्यत्र, म्हणजे एअर क्लीनर किंवा नोझलमध्ये शोधावा. गाडी काही अंतर चालून बंद पडते व थोड्या वेळाने पुन्हा सुरू होते, अशी तक्रार असल्यास प्रथम टाकीचे झाकण सैल करून पाहावे. झाकणाचे वायुछिद्र मातीने बुजले की टाकीत पोकळी निर्माण होते आणि चांगला पंपही हतबल होतो. इतक्या क्षुल्लक कारणासाठी पंप उघडले जातात, हे आश्चर्य नव्हे काय?

यानंतर खरी परीक्षा घ्यावी. स्वच्छ डिझेलचा एक डबा फीड पंपापेक्षा उंच ठेवून, त्यातून नवी नळी पंपाच्या येणाऱ्या तोंडास जोडावी व हवा काढून इंजिन चालवावे. इंजिन भाराखालीही नीट चालले, तर गाळणी, इंजेक्शन पंप व नोझल निर्दोष ठरतात. चालले नाही, तर आधी गाळणी बदलून पाहावी व मगच पुढे शंका घ्यावी. आता तोच डबा जमिनीवर, पंपाच्या खाली ठेवावा. इंजिन आता अडखळू लागले, तर फीड पंपाची ओढ कमी झाली आहे: झडपा झिजल्या आहेत, दट्ट्या सैल आहे, किंवा स्प्रिंग मोडली आहे. इंजिन खालूनही डिझेल ओढून नीट चालले, तर पंपास हात लावू नये. दोष टाकीत अथवा टाकीपासूनच्या नळीत आहे. नळी पारदर्शक असली तर बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

हवा काढताना गाळणीवरील स्क्रू सैल करून हाताचा प्रायमर मारावा. फेस संपून सलग डिझेल येऊ लागले की स्क्रू आवळावा. प्रायमरची मूठ फिरवून बसविण्याची असेल, तर ती घट्ट बसविण्यास विसरू नये. तेथूनही हवा शिरते. उघडलेल्या सांध्यांवरील तांब्याचे वायसर शक्यतो नवे घालावेत. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये.

पडद्याचा फीड पंप असलेल्या गाडीत इंजिन ऑइलची पातळी अकारण वाढलेली दिसली किंवा ऑइलला डिझेलचा वास आला, तर इंजिन मुळीच चालवू नये. पडदा फाटून डिझेल चेंबरमध्ये उतरत असण्याचा संभव असतो. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करीत नाही. येथे पंपाबरोबर ऑइलही बदलणे अवश्य आहे.

वरील सर्व तपासणी फक्त जुन्या, यांत्रिक पंपाच्या गाड्यांसाठी आहे. कॉमन रेल पद्धतीच्या नव्या गाड्यांत इंजिन चालू असता कोणताही सांधा सोडू नये. जुन्या गाडीतही नोझलच्या फवाऱ्यापुढे हात धरू नये. तो कातडी भेदून आत शिरतो, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब इस्पितळ गाठावे लागते. डबा भरताना जवळपास विडी अथवा स्टोव्ह नसावा.

लांबच्या बाजारास जाणाऱ्या गाडीत एक गाळणी, चार वायसर, दोन क्लिपा, हातभर पारदर्शक नळी व योग्य मापाचे पाने ठेवावेत. हे सारे सीटखालच्या एका पिशवीत मावते.