अमेरिकेत लायसन निलंबित झाल्यावर : 'एसआर-२२' हे काय प्रकरण आहे?

आमच्याकडची माणसे आधी बोटीवर गेली, मग आखातात गेली. अमेरिकेत गेलेल्यांची संख्या त्यामानाने थोडी आहे. पण जे गेले त्यांच्यापैकी कुणी ट्रक चालवतो, कुणी टॅक्सी, कुणी गॅस स्टेशन सांभाळतो, कुणी कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. या सर्वांत एक गोष्ट समान आहे. गाडीशिवाय यांचे पान हलत नाही. न्यूयॉर्कसारखी दोनचार शहरे सोडली तर तिथे मुंबईसारखी लोकल नाही आणि कोपऱ्यावर रिक्षा नाही. त्यामुळे "अब्बा, माझं लायसन सस्पेंड झालंय, एसआर-२२ आणायला सांगतायत," असा फोन आला की तो मामुली दंडाचा विषय नसतो. घराच्या रोजीरोटीचा विषय असतो. म्हणून ही माहिती जरा सविस्तर देत आहोत.

पहिली गोष्ट अशी की एसआर-२२ हा विमा नव्हे. तो एक दाखला आहे. विमा कंपनी राज्याच्या मोटार वाहन खात्याला कळवते की, अमुक चालकाचा आमच्याकडे कायद्याने ठरवलेल्या किमान रकमेचा विमा आहे आणि तो बंद पडला तर आम्ही तुम्हाला ताबडतोब कळवू. यातले दुसरे वाक्य महत्त्वाचे. एका अर्थाने विमा कंपनी चालकावर नजर ठेवणारी सरकारची पहारेकरी बनते.

आपल्याकडे ही कल्पना चटकन पचत नाही. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो गाडीशी बांधलेला असतो. त्याचा दर सरकार ठरवून देते. चालक दारू पिऊन पकडला गेला तर कलम १८५ खाली दंड होतो, कैदही होऊ शकते, परंतु पुढच्या वर्षी त्याच्या गाडीचा थर्ड पार्टी हप्ता त्यामुळे वाढत नाही. अमेरिकेत हिशेब माणसाचा होतो. कनेक्टिकट राज्याने १९२५ साली पहिल्यांदा असा कायदा केला की अपघात केलेल्या चालकाने पुढची नुकसानभरपाई देण्याची ऐपत दाखवावी. मॅसॅच्युसेट्सने १९२७ पासून सर्वांनाच विमा सक्तीचा केला. आजचा एसआर-२२ हा त्या 'ऐपत दाखवा' कायद्याचाच वंशज आहे. न्यू हॅम्पशायर राज्यात आजही सामान्य चालकाला गाडीचा विमा सक्तीचा नाही, पण दारूच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला तिथेही हा दाखला द्यावा लागतो!

आमचे काही वाचक म्हणतील, आपली मुले दारूला शिवत नाहीत, मग हा लेख आपल्यासाठी कशाला? आम्हाला हे मान्य नाही. दारू पिऊन गाडी चालवणे हे या दाखल्याचे सर्वात मोठे कारण आहे, पण ते एकमेव नाही. विमा नसताना गाडी चालवणे, विमा नसताना अपघात करणे, निलंबित लायसनवर गाडी चालवणे, बेदरकार चालवणे, थोड्या काळात बरेच दंड होणे, कोर्टाने ठरवलेली भरपाई न देणे, यांपैकी कशानेही ही पाळी येऊ शकते. व्हर्जिनिया राज्यात ताशी ८५ मैलांच्या वर गाडी गेली किंवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा २० मैल जास्त गेली, की ते 'बेदरकार चालवणे' ठरते. तो नुसता दंड नसून फौजदारी गुन्हा आहे. आपल्या मुलांच्या बाबतीत आम्हाला भीती वाटते ती याची आणि हप्ता चुकून विमा बंद पडल्याची.

आता प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. गुन्हा शाबीत होतो, खात्याकडून निलंबनाचे पत्र येते. त्या पत्रात निलंबन कधीपासून, किती दिवस, आणि लायसन परत मिळण्यासाठी काय काय हवे हे लिहिलेले असते. हे पत्र जपून ठेवावे, कारण पुढचे सगळे त्यावरच चालते. साधारणपणे निलंबनाची मुदत भोगणे, खात्याची फी भरणे, दारूचा गुन्हा असल्यास ठरलेले वर्ग पूर्ण करणे आणि विम्याचा दाखला देणे अशा अटी असतात. दाखला चालकाने स्वतः नेऊन द्यायचा नसतो, तो कंपनीच खात्याकडे पाठवते, हल्ली बहुधा कॉम्प्युटरवरूनच. त्याची फी मामुली असते, पंचवीस डॉलरच्या आसपास. तो खात्यात नोंदला गेला याची खात्री करूनच गाडीला चावी लावावी. "एजंटने पाठवला म्हणाला" एवढ्यावर रस्त्यावर जाणे म्हणजे निलंबित लायसनवर गाडी चालवणे, आणि तो आणखी एक गुन्हा.

सगळ्याच कंपन्या हा दाखला देत नाहीत. जुनी कंपनी नाही म्हणू शकते, किंवा मुदत संपल्यावर विमा पुढे चालू ठेवत नाही. अशा वेळी एकाच कंपनीच्या नव्हे, तर अनेक कंपन्यांचे काम करणाऱ्या स्वतंत्र एजंटकडे जावे. जोखमीच्या चालकांचाच धंदा करणाऱ्या कंपन्या तिथे आहेत. कुणीच घेत नसेल तर राज्याची एक योजना असते, तीत अशा चालकांना कंपन्यांमध्ये वाटून दिले जाते. दर चढा असतो, पण दार बंद होत नाही.

रक्कम राज्याप्रमाणे बदलते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून किमान विमा एका जखमी व्यक्तीसाठी ३० हजार डॉलर, एका अपघातातील सर्व जखमींसाठी ६० हजार आणि मालमत्तेसाठी १५ हजार असा आहे. टेक्सासमध्ये हेच आकडे ३०, ६० आणि २५ हजार, इलिनॉयमध्ये २५, ५० आणि २० हजार. फ्लोरिडा आणि व्हर्जिनिया ही दोन राज्ये दारूच्या गुन्ह्यासाठी एफआर-४४ नावाचा वेगळा, जास्त कडक दाखला मागतात. फ्लोरिडात त्यासाठी १ लाख, ३ लाख आणि ५० हजारांचा विमा लागतो. मुदतही सारखी नाही. कॅलिफोर्निया आणि इलिनॉयमध्ये साधारण तीन वर्षे, टेक्सासमध्ये शिक्षेच्या तारखेपासून दोन वर्षे. न्यूयॉर्क, पेनसिल्वेनियासारखी काही राज्ये हा दाखला मागतच नाहीत. पण म्हणून दुसऱ्या राज्यातला माणूस न्यूयॉर्कला राहायला गेला की सुटलाच असे नाही. ज्या राज्याने अट घातली त्याची मुदत पुरी होईपर्यंत त्या राज्याकडे सहसा दाखला चालू ठेवावा लागतो. म्हणून घर बदलण्याआधी नवी कंपनी दुसऱ्या राज्याकडे दाखला पाठवते काय, हे विचारून घ्यावे.

ज्याच्याकडे स्वतःची गाडी नाही त्याचे काय? त्याच्यासाठी 'नॉन-ओनर' विमा असतो. दुसऱ्याची गाडी कधीमधी चालवणाऱ्यासाठी तो आहे, आणि त्यावर एसआर-२२ मिळतो. हप्ताही कमी. पण आपल्या लोकांनी इथे फार सावध राहावे. आपल्याकडे भाऊ, मेहुणा, चुलत भाऊ एका घरात राहतात आणि एकच गाडी सगळे वापरतात. घरातल्या माणसाच्या मालकीची किंवा रोज हाताशी असलेली गाडी या विम्यात सहसा बसत नाही. अपघात झाल्यावर कंपनी पत्ता पाहते, दोघे एकाच घरात राहतात असे दिसले की हात वर करते. अशा घरात राहणाऱ्याने गाडीच्या मालकाच्या विम्यात आपले नाव चालक म्हणून घालावे आणि तिथूनच दाखला घ्यावा. भावाचा हप्ता वाढेल, कुरबूर होईल, त्याला इलाज नाही. वाढीव पैसे धाकट्याने द्यावेत. आणि नाव वगळून मालकाने विमा स्वस्त ठेवला असेल, तर "भाऊ, जरा चावी दे" म्हणणाऱ्याला चावी देऊ नये. त्यावेळी अपघात झाला तर मालकाच्या घरादारावर येते.

खरा घात होतो तो मधल्या काळात. समजा, आपला एक भाचा शिकागोच्या उपनगरात राहतो. दीड वर्ष त्याने दाखला नीट चालवला. बहिणीच्या लग्नासाठी तो दोन महिने गावी निघाला. गाडी उभीच राहणार, मग हप्ता कशाला भरा, असा विचार करून त्याने विमा बंद केला. वाचकहो, इथेच फसगत आहे. विमा बंद होताच कंपनीने एसआर-२६ नावाची सूचना खात्याला पाठवली आणि त्याचे लायसन पुन्हा निलंबित झाले. तो इकडे लग्नाची बिर्याणी खात असताना तिकडे पत्र त्याच्या पत्रपेटीत पडून आहे. परत गेल्यावर विमानतळावरून घरी जाताना पोलिसाने थांबवले तर निलंबित लायसनचा गुन्हा. काही राज्यांत मुदतही पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजतात. दोन महिन्यांच्या हप्त्याची बचत अशी महागात पडते. गाडी विकली, तरीही हेच. गाडी गेली म्हणून दाखल्याची अट जात नाही, लगेच नॉन-ओनर विमा घ्यावा. कंपनी बदलायची असेल तर नवीन दाखला खात्यात पोचल्यावरच जुना विमा सोडावा. क्रेडिट कार्डवरून आपोआप हप्ता जात असेल तर कार्डाची मुदत कधी संपते ते पाहावे. जमत असेल तर सहा महिन्यांचा हप्ता एकदम भरावा, हे आम्हाला सर्वात सुरक्षित वाटते.

दाखल्याची फी थोडी असली तरी गुन्ह्यामुळे हप्ता बराच वाढतो, तो खरा खर्च. कॅलिफोर्नियात दारूच्या गुन्ह्यानंतर चांगल्या चालकाची सूट दहा वर्षे मिळत नाही. ट्रकवाल्यांचे नुकसान याहून मोठे. व्यापारी वाहनाचे लायसन असलेला माणूस सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या मोटारीत जरी दारूच्या गुन्ह्यात सापडला, तरी केंद्रीय नियमानुसार त्याचे व्यापारी लायसन एक वर्ष जाते आणि दुसऱ्यांदा कायमचे. एसआर-२२ दाखवून ते वर्ष वाचत नाही.

व्हिसावर असलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. २०१५ पासून अमेरिकेचे परराष्ट्र खाते दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल नुसती अटक झाली तरी व्हिसा रद्द करू शकते, शिक्षा व्हायची वाट पाहत नाही. तिथले वास्तव्य एवढ्याने आपोआप संपत नाही, पण माणूस भारतात आला की परतीसाठी नवा व्हिसा मागावा लागतो, आणि त्यावेळी वैद्यकीय तपासणी लागू शकते. तेव्हा असे काही घडले असेल तर विमानाचे तिकीट काढण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटावे. कोर्टात गुन्हा कबूल करण्यापूर्वी भेटलेले अधिक चांगले.

मुदत संपल्यावर दाखला आपोआप निघेलच असे नाही. अट कोणत्या तारखेला संपते हे खात्याकडून लेखी घ्यावे, ती तारीख उलटल्यावरच कंपनीला दाखला काढायला सांगावे, एक दिवसही आधी नाही. त्यानंतर दोनतीन कंपन्यांकडे नवीन दर विचारावेत. जुनी कंपनी स्वतःहून हप्ता कमी करील याची वाट पाहण्यात अर्थ नाही.