इरिडियमचा हिरवा प्रकाश

२-फेनिलपिरिडीन हा रंगहीन किंवा किंचित पिवळसर द्रव बाटलीत पाहिला, तर त्याचा प्रकाशाशी काही संबंध असेल असे वाटत नाही. त्याच्या रेणूत एक बेंझीनचे आणि एक पिरिडीनचे अशी दोन वलये एकाच बंधाने जोडलेली असतात. पिरिडीनमधील नायट्रोजन धातूला आपली इलेक्ट्रॉनजोडी देतो, तर बेंझीनवलयातील जवळचा कार्बन आपला हायड्रोजन सोडून थेट धातूशी जुळतो, आणि धातूसह पाच अणूंचे घट्ट कडे तयार होते. धातूला असे धरणाऱ्या रेणूला लिगंड म्हणतात.

प्रयोगशाळेत प्रथम इरिडियम ट्रायक्लोराइड व हा लिगंड २-इथॉक्सिइथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणात, नायट्रोजन वायूखाली, सुमारे एक दिवस उकळत ठेवतात. वाफ थंड नळीत निवून पुन्हा चंबूत पडत राहते आणि क्लोरिनच्या दुव्यांनी जोडलेल्या दोन इरिडियम अणूंचे संयुग पिवळ्या साक्याच्या रूपाने वेगळे होते. इरिडियम अतिशय महाग असल्यामुळे गाळणकागदावरचा कणही वाया जाऊ दिला जात नाही.

खरी कसोटी पुढच्या पायरीवर लागते. हा साका, आणखी लिगंड आणि पोटॅशियम कार्बोनेट ग्लिसरॉलमध्ये तापवताना तापमान १४०–१४५ अंश सेल्सियसच्या आसपास ठेवले, तर एका इरिडियमभोवती बसलेल्या तीन लिगंडांचे तिन्ही नायट्रोजन धातूमधून जाणाऱ्या एकाच प्रतलात येतात. २०० अंशांच्या वर नेले, तर ते धातूभोवतीच्या अष्टफलकाच्या एकाच फलकावर बसतात. अणू तेच आणि तितकेच असूनही पहिले रूप मंद प्रकाशते आणि दुसरे तेजस्वी हिरवे, म्हणून या कामात तापमापीवरची नजर ढळू न देणे हेच सर्वांत मोठे कौशल्य मानले पाहिजे.

विद्युतप्रवाहाने उत्तेजित झालेल्या रेणूंपैकी साधारण तीन चतुर्थांश ज्या त्रिक अवस्थेत जातात, तिची ऊर्जा सामान्य सेंद्रिय पदार्थांत बहुतांशी उष्णता होऊन वाया जाते; परंतु ७७ अणुक्रमांकाच्या जड इरिडियममुळे ती काही मायक्रोसेकंदांच्या आत प्रकाशरूपाने बाहेर पडते. १९९९ मध्ये बाल्डो, थॉम्पसन, फॉरेस्ट आणि सहकाऱ्यांनी याच संयुगाचा हिरवा सेंद्रिय दीप बनवला, आणि त्याची बाह्य कार्यक्षमता ८ टक्के भरली.

तयार पिवळी भुकटी टोल्युइनमध्ये विरघळवून अतिनील दिव्याखाली धरली असता प्रकाश आधी फिका वाटतो, कारण द्रावणातील ऑक्सिजन ही ऊर्जा हिरावून घेतो. काही मिनिटे नायट्रोजनचे बुडबुडे सोडले की नळी हिरवीगार उजळते. बूच काढून ती हलवली की हवा पुन्हा विरघळते आणि प्रकाश मंदावतो.