ठिणगी बघून पातं घ्या

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या एखाद्या मशीन शॉपच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. बार कापून कापून दात गेलेली बँडसॉची पाती वेटोळी घालून पडलेली असतात, शेजारी पॉवर हॅकसॉची मोडकी पाती. कोल्हापूर हे फाउंड्रीचं गाव, पण असलं भंगार फाउंड्रीवाल्याला नको असतं. त्यातलं क्रोमियम बिडात उतरलं की ओतकाम जागोजागी टणक होतं आणि पुढे लेथवाला शिव्या घालतो.

कातडं कापणाऱ्याला मात्र हेच भंगार सोन्यासारखं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय मानांकन मिळालं, महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. तेव्हा कातड्यावर, वेणीवर, करकरीवर भरपूर लिहिलं गेलं. कातडं कापायच्या रापीची आठवण कुणाला झाली नाही. पॉवर हॅकसॉच्या अख्ख्या हायस्पीड स्टीलच्या पात्याचा वीतभर तुकडा मोडायचा, एका टोकाला तिरकी धार काढायची, दुसऱ्या टोकाला कातड्याची पट्टी गुंडाळायची. झाली रापी. भट्टी लागतच नाही. हे पोलाद टंगस्टन आणि मॉलिब्डेनमचं. साडेपाचशे अंशांपर्यंत तापलं तरी त्याचं पाणी उतरत नाही. म्हणून ते ग्राइंडरची गरमी सोसतं. पण त्याला नव्यानं पाणी द्यायचं तर बाराशे अंशांच्या आसपास न्यावं लागतं. ते भात्यावरचं काम नव्हे.

लाकडाच्या वखारीतलं रुंद पातं वेगळं. त्यात कार्बन पाऊण टक्क्याच्या आसपास, अनेकदा थोडं निकेलही. चाकांवरून दिवसभर वाकत फिरायचं असल्यानं ते मुळात लवचीक ठेवलेलं असतं. नुसती धार लावली तर त्यातून केलेला चाकू लवकर बोथटतो. आधी आकार, मग भट्टी. लालबुंद पात्याला लोहचुंबक चिकटेनासं झालं की आणखी थोडं तापवून तेलात बुडवायचं. पातळ पातं पाण्यात घातलं तर तडकण्याची भीती. त्यानंतर दोनशे अंशांवर तास-दोन तास शेकायचं; घासून चकचकीत केलेली जागा फिकट पिवळी दिसली की बास. हे शेकणं टाळलेल्या सुरीची धार मटणाच्या पहिल्याच नळीवर टवका उडून जाते.

लोहाराला यातलं नवं काही नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून तो ऊसतोडीचा कोयता घडवतच आलाय. फरक इतकाच की पाटा ओळखीचा असतो, करवतीचं पातं फसवतं. हल्लीची बरीच बँडसॉ पाती दुजोड असतात: दातांची कड तेवढी हायस्पीड, पाठ साध्या स्प्रिंग स्टीलची. दात घासून टाकले की भारी पोलादही गेलं!

ओळखायचं ठिणगीवरून. ग्राइंडरला टोक टेकवा. पिवळ्या, फुटून चांदण्या होणाऱ्या ठिणग्या आल्या तर कार्बन स्टील. मंद तांबूस आणि तुरळक आल्या तर हायस्पीड. पात्याची पाठ आणि दात वेगवेगळे तपासा, डोळ्यांवर चष्मा घालून.

कार्बाइडच्या टिपा बसवलेलं गोल पातं मात्र ग्राइंडरला लावूच नका. त्या टिपांच्या धुळीत कोबाल्ट असतो, तो फुप्फुसांना बाधतो. ते जसंच्या तसं भंगारवाल्याला द्या आणि टिपांचा भाव वेगळा मागा. कार्बाइड लोखंडापेक्षा कितीतरी महाग विकलं जातं.